ग्रुप ताणला की चिन्हे का बिघडतात?

वाचकांचे प्रश्न : संगणकावरील आरेखन

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे मराठवाड्यातून आली असून ती चारही एकाच अडचणीविषयी आहेत. अनेक आकार एकत्र बांधून काढलेली आकृती लहान-मोठी केली की तिच्यातील काही भाग विद्रूप होतात, ही ती अडचण. म्हणून या अंकातील सदर या एकाच विषयाला दिले आहे. एकत्र बांधलेल्या आकारांना मराठीत ‘गट’ म्हणता येते. परंतु पहिले पत्र शेतीचे आहे आणि आपल्याकडे शेताच्या संदर्भात गट म्हटले की जमिनीचा गट नंबरच डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे पुढे सर्वत्र ‘ग्रुप’ हाच रुळलेला शब्द वापरला आहे.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यात ठिबक सिंचनाचे संच बसवून देतो. प्रत्येक शेतकऱ्याला संचाचा आराखडा काढून द्यावा लागतो. दर वेळी तो नव्याने काढण्यात वेळ जातो, म्हणून एका एकराचा आराखडा नीट काढून त्याचा ग्रुप करून ठेवला आहे आणि नवे शेत आले की तोच त्या मापाला ताणतो. अलीकडे दीड एकराच्या शेतासाठी तो आडवा ताणला, तेव्हा व्हॉल्व्हची वर्तुळे लंबगोल झाली, फिल्टरचे चिन्ह पसरट झाले आणि उत्तर दिशेचा बाणही वेगळाच दिसू लागला. कोपऱ्याला धरून ताणले तर चिन्हे ठीक राहतात, पण शेताची दुसरी बाजूही वाढते, ते चालत नाही. दुकानातील संगणकावर व्हिजिओ आहे, घरच्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस ड्रॉ आहे. दोन्हींसाठी उपाय सांगावा. (परभणी जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : आपला प्रश्न चिन्हांच्या दिसण्याविषयी आहे; परंतु आपण वर्णन केलेल्या पद्धतीत एक चूक अशीही होते, जी कागदावर मुळीच दिसत नाही आणि शेतात मात्र महागात पडते. तिच्याकडे पुढे येतोच. आधी चिन्हे का बिघडतात ते पाहू, कारण ते कळल्यावर उपाय लक्षात ठेवावा लागत नाही.

समजा, आपले एका एकराचे शेत २६४ फूट लांब आणि १६५ फूट रुंद आहे. या मापांचा गुणाकार ४३,५६० चौरस फूट, म्हणजे बरोबर ४० गुंठे होतो. कागदावर १ मिलिमीटरला २ फूट असे प्रमाण घेतले तर ते १३२ मिलिमीटर लांब आणि ८२.५ मिलिमीटर रुंद येईल. तेवढ्याच रुंदीचे दीड एकराचे शेत ३९६ फूट लांब असते, म्हणजे कागदावर १९८ मिलिमीटर. आपण ग्रुपच्या उजव्या कडेचे हँडल ओढून १३२ चे १९८ करता, तेव्हा संगणक ग्रुपमधील प्रत्येक वस्तूच्या आडव्या मापाला दीडने गुणतो आणि उभ्या मापाला हात लावत नाही. ग्रुपमधील कोणती रेघ शेताची हद्द आहे, कोणती पाइपलाइन आहे आणि कोणते वर्तुळ केवळ खूण म्हणून काढलेले आहे, हे त्याला सांगितलेले नसते. त्यामुळे ६ मिलिमीटर व्यासाचे व्हॉल्व्हचे वर्तुळ ९ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर उंच होते.

आराखड्यातील आकार दोन जातींचे असतात, हे येथे ओळखायला हवे. हद्दीची रेघ आणि पाइपची रेघ ही मापे आहेत; शेत वाढले की त्यांनी वाढलेच पाहिजे. व्हॉल्व्हचे वर्तुळ हे माप नव्हे. आपल्याच प्रमाणाने ६ मिलिमीटर म्हणजे शेतातील १२ फूट होतात, आणि १२ फुटांचा व्हॉल्व्ह कोणी बसवत नाही. ते वर्तुळ ‘येथे व्हॉल्व्ह आहे’ एवढेच सांगते. शेत दीडपट झाले तरी त्याने फक्त आपली जागा बदलायची असते. दिशेच्या बाणाचे तर आणखीच वेगळे आहे. शेताची बांधणी तिरकी असल्यामुळे पुष्कळदा बाण तिरका काढलेला असतो. उभ्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करणारा बाण आडवा दीडपट ताणला की तो सुमारे ५६ अंशांवर जातो, म्हणजे आराखड्यातील उत्तर ११ अंशांनी सरकते. बाण विचित्र दिसतो, असे आपण लिहिले आहे. तो केवळ विचित्र दिसत नाही, तो चुकीची दिशा दाखवतो. म्हणून दिशेचा बाण, प्रमाणाची पट्टी आणि खुणांची सूची या तीन गोष्टी शेताच्या ग्रुपमध्ये कधीही घालू नयेत. त्या पानाच्या आहेत, शेताच्या नाहीत.

आता व्हिजिओ. या जातीच्या प्रश्नाचे उत्तर व्हिजिओमध्ये फार पूर्वीपासून तयार आहे, पण ते ‘डेव्हलपर’ नावाच्या टॅबमध्ये असल्यामुळे आपल्यासारख्या अनेकांच्या नजरेस पडत नाही. हा टॅब दिसत नसेल तर फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन या क्रमाने जाऊन डेव्हलपरसमोर खूण करावी. नंतर ग्रुपवर एकदा आणि त्यातील व्हॉल्व्हवर पुन्हा एकदा क्लिक करून केवळ व्हॉल्व्ह निवडावा आणि डेव्हलपरमधील ‘बिहेव्हियर’ उघडावे. तेथे आकार बदलण्याच्या वागणुकीसाठी तीन पर्याय आहेत. ‘स्केल विथ ग्रुप’ निवडल्यास तो भाग ग्रुपबरोबर ताणला जातो, ‘रिपोझिशन ओन्ली’ निवडल्यास त्याची फक्त जागा बदलते, आणि ‘यूज ग्रुप्स सेटिंग’ निवडल्यास ग्रुपला जे सांगितले असेल ते तो ऐकतो. व्हॉल्व्ह, फिल्टर, व्हेंचुरी (पाण्यात खत सोडण्याचे साधन), पंप या साऱ्यांना दुसरा पर्याय द्यावा. हद्द आणि मुख्य व उपमुख्य पाइप यांना पहिला. मग हीच आकृती दीडपट ताणली की डाव्या कडेपासून ३० मिलिमीटरवर असलेल्या व्हॉल्व्हचा मध्य ४५ मिलिमीटरवर जाईल आणि वर्तुळ ६ मिलिमीटरचे वर्तुळच राहील.

व्हॉल्व्हचे चिन्ह वर्तुळ आणि दोन त्रिकोण असे जोडून केले असेल, तर त्या तिघांचा आधी स्वतंत्र छोटा ग्रुप करावा आणि ‘रिपोझिशन ओन्ली’ त्या छोट्या ग्रुपला द्यावे. तिन्ही भागांना वेगवेगळे दिल्यास प्रत्येक भाग स्वतंत्रपणे सरकतो आणि त्रिकोण वर्तुळापासून सुटे होतात. हे सारे प्रत्येक चिन्हासाठी पुन्हा पुन्हा करण्याचेही कारण नाही. चिन्ह एकदा नीट करून आपल्या स्टेन्सिलमध्ये, म्हणजे व्हिजिओतील तयार चिन्हांच्या संग्रहात, ठेवले की तेथून ओढलेली प्रत्येक प्रत तीच वागणूक घेऊन येते.

येथवर आपल्या प्रश्नाचे उत्तर झाले. आता वर म्हटलेली न दिसणारी चूक.

आपल्या आराखड्यात १६५ फुटांच्या बाजूला समांतर अशा लॅटरल नळ्या, म्हणजे पिकाच्या ओळींना पाणी देणाऱ्या बारीक नळ्या, दर ५ फुटांवर आहेत असे धरू. पहिली नळी बांधापासून अडीच फुटांवर टाकली तर २६४ फुटांत ५३ नळ्या बसतात. आराखडा दीडपट ताणल्यावर नळ्यांच्या रेघा सरळच राहतात, त्यांत काहीही विद्रूप दिसत नाही. पण दोन रेघांमधील अंतर अडीच मिलिमीटरवरून पावणेचार मिलिमीटर झालेले असते, म्हणजे शेतात ५ फुटांचे साडेसात फूट झालेले असतात. कपाशीच्या ओळी ५ फुटांवर आणि नळ्या साडेसात फुटांवर, असा तो आराखडा होतो. ३९६ फुटांत ५ फुटांच्या अंतराने खरे तर ७९ नळ्या लागतात. ताणलेल्या आराखड्यावरून रेघा मोजून कोणी नळीचा हिशेब केला तर २६ नळ्या, म्हणजे ४,२९० फूट किंवा सुमारे १,३०० मीटर नळी कमी पडेल. लंबगोल झालेला व्हॉल्व्ह पाहून शेतकरी निदान विचारील तरी. ही चूक मात्र विचारण्याजोगी दिसतच नाही, आणि म्हणून मला ती अधिक गंभीर वाटते. ‘रिपोझिशन ओन्ली’ने ही चूक सुधारत नाही, कारण तेथेही अंतरे प्रमाणातच वाढतात. येथे ताणायचे नसून संख्या वाढवायची असते. म्हणून लॅटरल नळ्या ग्रुपमध्ये न ठेवता हद्द पक्की झाल्यावर नव्याने मांडाव्यात. लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये हे काम एका मिनिटाचे आहे : पहिली नळी काढून निवडावी, शिफ्ट आणि एफ ३ एकत्र दाबून डुप्लिकेटची चौकट उघडावी, प्रतींची संख्या ७८ आणि आडवे सरकण्याचे माप अडीच मिलिमीटर लिहावे, म्हणजे पहिलीसह ७९ नळ्या बरोबर अंतरावर उभ्या राहतात.

काही घटकांना प्रमाणात सरकणेही चालत नाही. फिल्टरचा संच विहिरीजवळ, म्हणजे डाव्या बांधापासून १० फुटांवर आहे. शेत लांब झाले म्हणून तो १५ फुटांवर जाणार नाही. उपमुख्य पाइपच्या शेवटचा फ्लश व्हॉल्व्ह उजव्या बांधापासून ६ फूट आत असतो. शेत कितीही लांब असले तरी तो ६ फूटच आत हवा. व्हिजिओमध्ये यासाठी त्या घटकाचे शेपशीट, म्हणजे त्याची मापे आणि सूत्रे असलेला तक्ता, उघडावे. त्यात पिन-एक्स नावाचा एक खाना असतो आणि घटकाचा मध्य ग्रुपच्या डाव्या कडेपासून किती अंतरावर आहे ते त्यात लिहिलेले असते. फिल्टरच्या बाबतीत तेथे ठरावीक माप लिहावे. फ्लश व्हॉल्व्हच्या बाबतीत ‘ग्रुपची रुंदी वजा ठरावीक माप’ असे सूत्र लिहावे. दोन्ही ठिकाणी ते सूत्र ‘गार्ड’ या फंक्शनच्या कंसात बंद करणे अत्यंत आवश्यक आहे. गार्ड नसेल तर ग्रुप पहिल्यांदा ताणताच व्हिजिओ आपले सूत्र पुसून त्या जागी स्वतःचे प्रमाणाचे सूत्र लिहितो आणि सारे श्रम वाया जातात. पानाला १ मिलिमीटरला २ फूट असे प्रमाण लावलेले असेल, तर सूत्रात कागदावरील ३ मिलिमीटर न लिहिता शेतातील ६ फूट लिहावेत.

लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये ‘फक्त जागा बदल’ असे सांगण्याची सोय नाही, म्हणून तेथे रचनेनेच काम साधावे लागते. चिन्हांसाठी एक वेगळा लेयर करावा आणि प्रत्येक चिन्हाचा छोटा ग्रुप त्या लेयरवर ठेवावा. नवे शेत आले की चिन्हांचा लेयर कुलूपबंद करावा. मग हद्द आणि पाइप निवडून ताणताना चिन्हांना धक्का लागत नाही. त्यानंतर कुलूप काढून चिन्हे एकेक करून जागेवर न्यावीत. जी चिन्हे पाइपवर समान अंतरावर हवी असतील, त्यांपैकी पहिले आणि शेवटचे चिन्ह जागेवर ठेवून सर्व निवडावीत आणि ‘डिस्ट्रिब्यूट’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे मधली चिन्हे आपोआप सारख्या अंतरावर येतात. हे व्हिजिओइतके सोयीचे नाही, हे मान्य आहे. परंतु एका आराखड्यात दहा-बारा चिन्हे असतात, तेव्हा हे ओझे फार नाही. ज्यांच्याकडे आधीच ताणलेला आराखडा आहे त्यांनी ग्रुपवर दोनदा क्लिक करून आत जावे, बिघडलेले चिन्ह निवडून एफ ४ दाबावे, आधारबिंदू मध्यावर ठेवून रुंदी पूर्ववत लिहावी. चिन्ह आपल्या नव्या जागी राहूनच मूळ आकारात येते.

प्रश्न : मी पैठण परिसरात पैठणीच्या नक्षीची रेखाटने संगणकावर करून देते. इंकस्केप वापरते. पदराची चौकट, तिच्यातील मोर आणि मोरांमधील लहान बुट्ट्या यांचा एक ग्रुप आहे. पदर सव्वापट रुंद करायचा होता, तो ताणला तर मोर पसरट झाले आणि चौकटीची रेघही बदलली. मोर तेच ठेवून फक्त त्यांच्यामधील जागा वाढवता येईल का? (पैठण परिसरातील एक नक्षीकार)

उत्तर : येईल, आणि इंकस्केपमध्ये त्यासाठी एक फार सुंदर मार्ग आहे. त्याची दोन पावले आहेत. संपूर्ण ग्रुप आधी बिनधास्त ताणावा आणि नंतर प्रत्येक मोराला त्याच्या जागेवरच उलटे आवळावे.

ग्रुप निवडून ‘ऑब्जेक्ट’ मेनूतील ‘ट्रान्सफॉर्म’ची चौकट उघडावी आणि ‘स्केल’मध्ये रुंदी १२५ टक्के, उंची १०० टक्के लिहून लागू करावी. या वेळी मोर पसरट होतील. ते होऊ द्यावेत. आता बाहेरचा ग्रुप सोडावा. प्रत्येक मोर हा स्वतःचा छोटा ग्रुप असला पाहिजे, ही येथील एकमेव पूर्वअट आहे. नाहीतर पिसारा, मान आणि पाय प्रत्येक आपापल्या मध्याभोवती आवळले जाऊन मोराचे तुकडे होतील. नंतर चौकट वगळून सर्व मोर आणि बुट्ट्या निवडाव्यात, ‘ट्रान्सफॉर्म’च्या त्याच चौकटीत रुंदी ८० टक्के व उंची १०० टक्के लिहावी, आणि खालच्या ‘अप्लाय टू इच ऑब्जेक्ट सेपरेटली’ या पर्यायावर खूण करून लागू करावे. सव्वाला ऐंशी टक्क्यांनी गुणले की पुन्हा एकच येतो. म्हणून प्रत्येक मोर मूळच्या आकारात परततो. पण प्रत्येक जण आपापल्या मध्याभोवती परतत असल्यामुळे ताणल्यावर मिळालेली नवी जागा तो सोडत नाही. तिरकी फिरवलेली बुट्टी ताणल्यावर नुसती रुंद होत नाही, ती एका अंगाला कलतेही. या मार्गाने तो कलही नाहीसा होतो, कारण ताणण्याची क्रिया जशीच्या तशी उलटवलेली असते. अन्य कोणत्याही मापाला हाच नियम लागतो : जितक्या पटीने ताणले तिने १०० ला भागावे. दीडपट ताणले असेल तर ६६.६६७ टक्के, दुप्पट ताणले असेल तर ५० टक्के.

रेघेच्या जाडीचे उत्तर वेगळे आहे. निवडीचे साधन हातात असताना वरच्या पट्टीवर चार छोटी बटणे दिसतात. पहिले बटण दाबलेले असेल तर आकाराबरोबर रेघही जाड-बारीक होते, दुसरे गोल केलेल्या कोपऱ्यांसाठी, तिसरे रंगछटांच्या संक्रमणासाठी आणि चौथे भरलेल्या नमुन्यासाठी आहे. चौकटीची रेघ तीच राहावी असे वाटत असेल तर पहिले बटण मोकळे ठेवावे. चौथ्या बटणाचा आपल्या कामात विशेष उपयोग आहे. पदराच्या पार्श्वभूमीवर जाळीचा नमुना भरला असेल आणि ते बटण मोकळे असेल, तर पार्श्वभूमी ताणल्यावर जाळीचे घर मोठे होत नाही. तेवढ्याच मापाची जास्त घरे भरली जातात. आणखी एक काळजी घ्यावी. इंकस्केप वस्तूचे माप रेघेची जाडी धरून घेतो की वगळून, हे त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये ठरते. आपण टक्क्यांचा हिशेब करणार असाल तर तेथे भौमितिक माप निवडावे, म्हणजे जाड रेघांमुळे हिशेबात बारीक फरक पडत नाही.

एवढे झाल्यावरही रेखाटन लगेच मागावर पाठवू नये. आपल्या नक्षीचा कागद चौकोनांचा असतो आणि विणकर ते चौकोन मोजूनच धागे धरतो. डाव्या कडेपासून ३२ व्या चौकोनावरचा मोर सव्वापटीने ४० वर जातो, ते ठीक आहे. पण ३३ व्या चौकोनावरचा मोर ४१.२५ वर जातो, आणि पाव चौकोन विणता येत नाही. म्हणून शेवटी ग्रिडला चिकटण्याची सोय चालू करून प्रत्येक मोर जवळच्या पूर्ण चौकोनावर बसवावा. त्याने एखाद्या ठिकाणी दोन मोरांमधील जागा एका चौकोनाने कमी-अधिक होईल. तो फरक कोणत्या जागी खपून जाईल हे संगणकाने नव्हे, आपणच ठरवायचे आहे, आणि या कलेतील आपली नजर त्यासाठी पुरेशी आहे असा मला विश्वास वाटतो. वाढलेली जागा फार मोकळी दिसू लागली तर मात्र मोर दूर सारण्याचा मार्ग सोडून एक मोर किंवा बुट्टी वाढवावी. परभणीच्या वाचकांना नळ्यांविषयी जे सांगितले तेच येथेही लागू आहे.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात शिक्षक आहे. विद्यार्थ्यांसाठी शहराच्या पाणीपुरवठ्याचा ओघतक्ता ड्रॉ डॉट आयओवर काढला आहे. त्यात मांजरा धरण, जलशुद्धीकरण, टाक्या, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले तो टप्पाही दाखवला आहे. आणखी माहिती लिहिण्यासाठी बाहेरची चौकट रुंद करतो तेव्हा आतील डबे आणि रेल्वेचे चित्रही रुंद होते. काय करावे? (लातूर जिल्ह्यातील एक शिक्षक)

उत्तर : येथे दोन वेगवेगळ्या इच्छा संभवतात आणि त्यांची उत्तरे वेगळी आहेत.

आतील सर्व काही आहे तेथेच, आहे तेवढेच राहावे आणि उजवीकडे केवळ मोकळी जागा मिळावी, अशी इच्छा असेल, तर बाहेरची चौकट निवडून उजवीकडील स्टाइलच्या पटलात गुणधर्मांची यादी उघडावी आणि ‘रिसाइझ चिल्ड्रन’समोरची खूण काढून टाकावी. आपण लिहिले आहे त्यावरून आपल्याला हेच हवे आहे असे दिसते.

आतील डब्यांनी रुंद व्हावे, पण रेल्वेचे चित्र बिघडू नये, अशी इच्छा असेल, तर ती खूण तशीच ठेवावी आणि केवळ चित्र निवडून ‘अरेंज’मधील ‘कन्स्ट्रेन प्रपोर्शन्स’ चालू करावे. हा पर्याय चित्र स्वतः ओढताना उपयोगी पडतो, एवढेच पुष्कळांना ठाऊक असते; बाहेरची चौकट ताणली जाते तेव्हाही तो पाळला जातो. त्या वेळी प्रोग्रॅम आडव्या आणि उभ्या पटींपैकी लहान पट घेऊन तीच चित्राच्या दोन्ही बाजूंना लावतो. चौकट नुसती दीडपट रुंद केली आणि उंची तीच ठेवली तर लहान पट एक असते. म्हणून चित्राचे आकारमान मुळीच बदलत नाही, ते फक्त प्रमाणात उजवीकडे सरकते. चौकट दीडपट रुंद आणि १.२ पट उंच केली तर चित्र १.२ पट मोठे होते, पण त्याचे प्रमाण टिकते. गोल टाक्यांनाही हाच पर्याय लावून ठेवावा.

प्रश्न : मी नांदेड येथे शिकते. प्रकल्पाच्या सादरीकरणासाठी पॉवरपॉइंटमध्ये गोल कोपऱ्यांचे डबे काढून त्यांचा ग्रुप केला. ग्रुप उंच केल्यावर कोपरे जास्त गोल झाले, आणि तोच ग्रुप लहान केला तेव्हा अक्षरे डब्याबाहेर आली. असे का होते? (नांदेड येथील एक विद्यार्थिनी)

उत्तर : पॉवरपॉइंटमध्ये गोल कोपऱ्याची त्रिज्या मिलिमीटरमध्ये साठवलेली नसते, ती डब्याच्या लहान बाजूच्या प्रमाणात साठवलेली असते आणि सुरुवातीला ते प्रमाण एक षष्ठांश असते. ३० मिलिमीटर उंचीच्या आडव्या डब्याला ५ मिलिमीटरची गोलाई मिळते. तोच डबा ६० मिलिमीटर उंच केला आणि तरीही उंचीच लहान बाजू राहिली तर गोलाई १० मिलिमीटर होते. डबा केवळ रुंद केला असता तर गोलाई बदलली नसती. उपाय असा की ग्रुप ताणून झाल्यावर डबा निवडून त्याचे पिवळे हँडल कडेकडे सरकवावे. वरील उदाहरणात ते पूर्वीच्या अर्ध्या अंतरावर आणले की पुन्हा ५ मिलिमीटर येतात. वेगवेगळ्या उंचीचे डबे शेजारी ठेवायचे असतील तर प्रत्येकाचे हँडल वेगळे लावावे लागेल.

अक्षरांचे कारण याच्या उलट आहे. आकार लहान होतात, पण अक्षरांचा पॉइंट आणि रेघांची जाडी तीच राहते. हा दोष नाही, कारण सादरीकरणात मागच्या बाकावरच्यालाही अक्षर वाचता आले पाहिजे. तरीही संपूर्ण आकृती छायाचित्रासारखी एकसंध लहान करायचीच असेल, तर ग्रुपची प्रत घेऊन ‘पेस्ट स्पेशल’मधून ती चित्र म्हणून चिकटवावी आणि कोपऱ्याच्या हँडलने लहान करावी. मूळ ग्रुप मात्र शेवटच्या स्लाइडवर जपून ठेवावा, कारण चित्र झालेल्या प्रतीतील मजकूर नंतर थेट दुरुस्त करता येत नाही, आणि मार्गदर्शक शिक्षक एखादा शब्द बदलायला हमखास सांगतात.